फळीवरची चावी

जून महिन्यात आमच्यासारख्या घरांत तीन गोष्टी बरोबरच येतात. पाऊस, वह्यांना घालायचे खाकी कागद आणि शाळेचे फॉर्म. पहिल्या दोहोंची आता सवय झाली आहे. तिसऱ्याने मात्र यंदा आमच्या दादरच्या तीन खोल्यांत चांगलाच गोंधळ घातला.

नातू नववीत गेला. त्याच्या शाळेने एका भाषेऐवजी व्यवसाय शिक्षणाचा विषय घेण्याची सोय ठेवली होती. थोडे सुतारकाम, थोडे वेल्डिंग, थोडी वीजजोडणी, असा तो मिसळीसारखा विषय. चिरंजीवांनी परस्पर त्यावर खूण केली आणि फॉर्म सहीसाठी वडिलांपुढे ठेवला.

"हे घेऊन मार्क किती मिळतात?" मुलाने विचारले. हल्लीचे वडील प्रश्न विचारतात तेव्हा त्यात एक आकडा असतोच.

सूनबाईंचा प्रश्न वेगळा होता. "वेल्डिंग म्हणे! आणि डोळ्याला काही झालं म्हणजे?"

माझ्या हातातला चहाचा कप तेथेच थांबला. आमच्या सौभाग्यवतीच्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नाहीत. ती म्हणाली, "अहो, तुम्ही जन्मभर कारखान्यात सेफ्टी सेफ्टी करत होतात ना? मग आता बोला की!"

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

वाचकहो, हा 'उद्या' मी १९६८ सालापासून पुढे ढकलत आलो आहे. आज तो लिहूनच टाकतो.

मी आठवीत गेलो ते १९६६ साल. दादरची ट्राम बंद होऊन दोन वर्षे झाली होती, तरी टी. टी. हे नाव तसेच राहिले होते, आणि आजही आहे. त्या काळी मॅट्रिक अकरावीला असे. आठवीत गेल्यावर मुलाने संस्कृत घ्यायचे की 'टेक्निकल' घ्यायचे यावर घराघरांत बैठका होत. आमच्या बैठकीत मतदार एकच होता, आणि तो म्हणजे आमचे नाना. ते एका कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्या मते जगात माणसांच्या दोनच जाती होत्या, टेबलाच्या अलीकडचे आणि टेबलाच्या पलीकडचे. कानस हातात घेणारा मुलगा या दोहोंतही बसत नव्हता.

पण वारे नानांच्या विरुद्ध वाहत होते. मुलाच्या हातालाही शिक्षण द्यावे, हा विचार काही नवा नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे शाळेत शेतीचे आणि आरोग्याचे व्यवहारी धडे असावेत असे मांडले होते. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. पुढे मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली, आणि मी आठवीत गेलो त्याच साली कोठारी आयोगाचा अहवाल आला. त्यात 'कार्यानुभव' हा शब्द होता. नानांनी तो वर्तमानपत्रात वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि म्हणाले, "सरकारच म्हणतंय तर घे बाबा टेक्निकल. पण हात धुऊन घरात यायचं."

आमच्या शाळेला स्वतःचे वर्कशॉप नव्हते. आसपासच्या शाळांतील मुले आठवड्यातून ठरावीक दिवशी एका तांत्रिक केंद्रात जात. त्या केंद्राचे नाव मी सांगत नाही. चूक इमारतीची नव्हती. तिच्या नावाला उगाच डाग कशाला? गोखले रोडवरून चालत आम्ही तेथे जात असू, आणि वाटेत आमच्यात दुसऱ्या शाळांची पोरे मिसळत. परळ-लालबागच्या चाळींतून येणारी मुले मला पहिल्यांदा तेथेच भेटली. माझ्या वर्गात टेक्निकल घेणाऱ्याकडे 'अभ्यासात जरा कच्चा दिसतो' अशा नजरेने पाहत. त्यांच्याकडे मात्र टेक्निकल घेणारा घरातला सर्वांत हुशार मुलगा असे. विषय तोच, पण एकाच्या घरी तो कमीपणा आणि दुसऱ्याच्या घरी आशा!

लेथवर दोघांमागे एक यंत्र असे. माझा जोडीदार लालबागचा. त्याचे वडील गिरणीत साच्यावर होते. त्याचे सगळे ठरलेले होते. मॅट्रिक व्हायचे, रेल्वेच्या वर्कशॉपात अप्रेंटिस म्हणून लागायचे, आणि वडिलांना रात्रपाळीतून सोडवायचे. माझे काहीच ठरलेले नव्हते. मला फक्त त्या खोलीचा वास आवडे. गरम लोखंडाचा, तेलाचा आणि दुधासारख्या पांढऱ्या साबण-पाण्याचा मिळून एक वास असे. तो हाताला चिकटे, आणि नानांच्या साबणानेही जात नसे.

आमचे सर मूळचे कारागीर. त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. पहिल्याच तासाला त्यांनी तो हात वर केला आणि म्हणाले, "पुस्तकातला पहिला धडा हा. बाकीचे नंतर." ते कधी अपघाताची गोष्ट सांगत नसत. बोट दाखवत, आणि पुढे जात. त्यांचे नियम मोजके होते. बाही दुमडल्याशिवाय यंत्राजवळ यायचे नाही. चालू यंत्रावर हात पुसायचा नाही, धातूचा किस हाताने ओढायचा नाही. आणि लेथचे दोन नियम ते रोज म्हणवून घेत, जणू शुभंकरोतिच. पहिला, चकची चावी हातातून सुटली की ती फळीवर. चकमध्ये एक क्षणही ठेवायची नाही. दुसरा, यंत्र चालू करणाऱ्याने आधी चक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहायचा, मगच स्विच.

ज्यांनी लेथ पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. लेथच्या तोंडाशी चक म्हणून एक जड गोल पंजा असतो. त्याच्या जबड्यांत लोखंडाचा तुकडा धरायचा, आणि टी आकाराच्या चावीने ते जबडे आवळायचे. मग चक गरागरा फिरतो आणि हत्यार तो तुकडा तासते. चावी चुकून चकमध्ये राहिली आणि यंत्र चालू झाले, तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. म्हणून भिंतीवरच्या फळीवर सरांनी प्रत्येक चावीची आकृती लाल रंगाने काढून ठेवली होती. चावी जागेवर नसली की ती लाल आकृती लांबूनही ओरडून सांगे.

१९६८ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही दहावीत होतो. माझी पाळी संपत आली होती आणि माझा तुकडा चकमध्ये जरासा डगमगत होता. सर आले. त्यांनी चावी घेतली, तुकडा मध्यावर आणला, जबडे आवळले, "आता ठीक आहे," म्हणाले आणि दुसऱ्या मुलाकडे वळले. चावी त्यांनी फळीवर ठेवली. मी ती ठेवताना पाहिली.

पण मला ते पुरेसे वाटेना. त्या दिवशी कामाला मार्क मिळायचे होते. मी फळीवरची चावी पुन्हा काढली आणि जबडा आणखी थोडासा आवळला. तेवढ्यात पाळी बदलण्याची घंटा झाली. कोणीतरी मला हाक मारली. मी वळलो आणि निघालो. चावी कोठे राहिली हे मला दहा पावलांवर आठवले. मी मागे फिरलो, तोवर जोडीदाराने स्विच दाबला होता.

आवाज फार मोठा नव्हता, ताट पडावे एवढाच. तो खाली बसला. डाव्या डोळ्यावर त्याने हात धरला होता, आणि बोटांमधून रक्त येत होते. सरांनी धावत जाऊन मुख्य स्विच बंद केला. सगळ्या यंत्रांची घरघर एकदम थांबली. त्यानंतरची ती शांतता माझ्या कानांत अजून आहे.

चौकशी झाली. मुख्याध्यापकांनी आम्हा सर्वांना उभे केले आणि विचारले, "चावी चकमध्ये कोणी ठेवली?" कोणीच बोलले नाही. मीही बोललो नाही. मला छडीची भीती वाटत होती, शाळेतून नाव कमी होण्याची भीती वाटत होती, आणि सर्वांत जास्त नानांची भीती वाटत होती. तेवढ्यात एका मुलाने खरे तेच सांगितले, "सर, शेवटी चावी तुम्हीच घेतली होती." त्याने मला नंतर चावी काढताना पाहिलेच नव्हते.

सर काही क्षण आपल्या हाताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हो, शेवटी मीच जॉब आवळला. मी ती फळीवर ठेवली असं मला वाटतं, पण ठेवली नसेन. चूक माझीच."

लक्षात घ्या, सर कोणाला पाठीशी घालत नव्हते. त्यांना खरेच तसे वाटू लागले होते. खाली मान घालून उभ्या असलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या गप्प बसण्याने एका माणसाची स्वतःच्या हातावरची श्रद्धा गेली. पुढे त्यांची पगारवाढ रोखली, नंतर बदलीही झाली. जाण्याआधीच्या महिन्यांत ते प्रत्येक चावी फळीवर ठेवल्यावर पुन्हा हात लावून पाहत. दोनदा, तीनदा. मुले हसत. मी हसत नसे, पण बोलतही नसे.

जोडीदाराचा डोळा राहिला, दृष्टी गेली. नुसता उजेड-अंधार कळे. रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीत तो पास होणे शक्यच नव्हते. मॅट्रिकनंतर तो वडिलांच्याच गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्याच्यासाठी त्या गिरणीचा भोंगा पुन्हा कधी वाजला नाही. मग त्याने लालबागला वह्या-पेन्सिलींचे लहानसे दुकान टाकले.

आणि मी? मी माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये डिप्लोमा केला, ठाण्याच्या एका कारखान्यात लागलो. १९७६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या कारखान्यांना सुरक्षा अधिकारी नेमणे आवश्यक झाले, तेव्हा मी ती वाट मागून घेतली. लोक मला विचारत, उत्पादनातली बढती सोडून या नसत्या खात्यात कशाला? मी म्हणे, आवड आहे. आवड कसली! ते फेडणे होते, आणि तेही चुकीच्या पत्त्यावर.

शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत मी या विषयाचे शिक्षण घेतले. तेथे यंत्रांची कुंपणे, चष्मे, मुखवटे यांचे प्रदर्शन आहे. ते पाहत असताना प्रत्येक वेळी माझी पावले लेथपाशी रेंगाळत. कायदा शिकताना एक जागा मला विशेष बोचली. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २३ व्या कलमात म्हटले होते की, धोक्याच्या यंत्रावर अल्पवयीन मुलाला काम देण्यापूर्वी त्याला त्या यंत्राचे धोके नीट समजावून सांगितले पाहिजेत, आणि त्याला पुरेसे शिक्षण मिळालेले असले पाहिजे किंवा जाणत्याची देखरेख पाहिजे. उत्तम कलम! पण त्याच कायद्याच्या ८६ व्या कलमात शिक्षणसंस्थांना जोडलेल्या वर्कशॉपांना सूट देण्याची मुभा राज्य सरकारला होती. म्हणजे मजुरीसाठी यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या मुलाला कायद्याचे कुंपण, आणि शिकण्यासाठी उभा राहणारा मुलगा कदाचित त्या कुंपणाच्या बाहेर. आमच्या केंद्रात कायदा भिंतीवर नव्हता. तो सरांच्या अर्ध्या बोटात होता.

नोकरीत दरवर्षी ४ मार्चला मी व्याख्यान देई. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली त्या तारखेला स्थापन झाली, म्हणून तो सुरक्षा दिन. १४ एप्रिलला अग्निशमन दिनी पुन्हा व्याख्यान. १९४४ साली त्या दिवशी मुंबई बंदरात फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला. कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकाच जहाजात होती. दुपारी दोनच्या सुमारास आग लक्षात आली, पहिला स्फोट झाला तेव्हा चार वाजून गेले होते. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. मी कामगारांना सांगे, "ते दोन तास लक्षात ठेवा. चूक कळल्यापासून बोलण्यापर्यंत जो वेळ जातो, तोच जीव घेतो. जो चूक सांगेल त्याला शिक्षा होणार नाही, हा माझा शब्द." टाळ्या पडत. आणि मी घरी येऊन हात धूत बसे. माझे स्वतःचे दोन तास तोवर वीस वर्षांचे झाले होते.

१९९१ साली सर गेले. बातमी चार दिवसांनी कळली. मी त्यांना पत्र लिहायला तीनदा बसलो होतो. एकदा तर पाकिटावर पत्तासुद्धा लिहिला होता.

तर असा हा 'उद्या'. जूनच्या त्या संध्याकाळी फॉर्मवरचा वाद तसाच ठेवून मी झोपलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लालबागला गेलो. जोडीदार दुकानात होता. शाळा सुरू होण्याचे दिवस, गिऱ्हाइकांची गर्दी. त्याने मला गल्ल्यामागच्या स्टुलावर बसवले आणि चहा सांगितला. वर्षा-दोन वर्षांनी आमची भेट होते, तेव्हा तो हेच करतो.

गर्दी ओसरल्यावर मी सांगितले. आडवळण न घेता सांगितले. सरांनी चावी फळीवर ठेवली होती. ती मी काढली. चकमध्ये मी ठेवली.

तो बराच वेळ समोरच्या रबरांच्या बरण्या सारख्या करत राहिला. मग म्हणाला, "सर मला बघायला दवाखान्यात रोज यायचे. मी त्यांच्याशी बोललो नाही. एकदाही नाही. आई म्हणायची, अरे मास्तर आलेत, निदान उठून बस. मी भिंतीकडे तोंड करायचो."

मी काय बोलणार?

"ते गेल्याचं कळलं, तेव्हाही मी गेलो नाही," तो म्हणाला. "माझा डोळा गेला तो गेला. तू सांगितलं असतंस म्हणून परत आला नसता. पण त्या माणसावर मी आयुष्यभर राग धरला, तो तू मला धरू दिलास. हे नको करायला होतंस."

तो रागावला नाही, ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते. थोड्या वेळाने एक मुलगा कंपासपेटी घ्यायला आला. त्याला पैसे परत देऊन तो माझ्याकडे वळला.

"आणि आता माझंही ऐक. चक हाताने फिरवून बघायचा, मगच स्विच. म्हणायचो ना रोज? त्या दिवशी मी फिरवला नाही. घंटा झाली होती, घाई होती. फिरवला असता तर चावी हाताला लागली असती. हे मीही कोणाला सांगितलं नाही. सरांनासुद्धा नाही."

आम्ही दोघे म्हातारे त्या दुकानात बसून राहिलो. सरांनी दोन नियम का केले होते, ते मला तेव्हा नीट उमगले. एक चुकला तर दुसऱ्याने सावरावे म्हणून. आम्ही दोघेही चुकलो, आणि तिसऱ्याने ते ओझे मरेपर्यंत वाहिले.

परत येताना मी चालतच आलो. तुम्ही म्हणाल, मन हलके झाले असेल. तसे काही झाले नाही. पण पाय मात्र घराकडे न वळता नातवाच्या शाळेकडे वळले.

तेथील वर्कशॉप पाहण्याची परवानगी मागितली. तरुण निदेशक होता, त्याने आनंदाने दाखवले. वेल्डिंगच्या काचा, कातडी हातमोजे, आगीची बादली, विजेची मुख्य कळ कोठे आहे याची पाटी, सगळे जागच्या जागी. पुण्याजवळ पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. हाताने काम करत शिकवण्याच्या त्यांच्या पद्धतीतून असे बहुकौशल्य विषय शाळांत आले, हेही तो बोलता बोलता म्हणाला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तर सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकावे असे म्हटले आहे. ऐकून बरे वाटले. नाना असते तर पुन्हा चष्मा पुसला असता.

निघताना मी त्याला एकच विचारले. "एखाद्या मुलाच्या हातून चूक झाली, आणि त्याने येऊन तुम्हांला सांगितली, तर तुम्ही काय करता?"

तो जरा गोंधळला. इतर आजी-आजोबा डोळ्यांचे आणि मार्कांचे विचारत असावेत. मग म्हणाला, "आधी यंत्र बंद करतो. मग त्यालाच सगळ्यांपुढे सांगायला लावतो, कसं झालं ते. शिक्षा नाही करत. शिक्षा केली तर पुढच्या वेळी सांगणार नाही."

तीस वर्षे व्याख्याने देऊन मी जे कामगारांना सांगत होतो, ते या पोराने चार वाक्यांत सांगितले.

संध्याकाळी घरी सगळे जमल्यावर मी ही गोष्ट पहिल्यापासून सांगितली. सौभाग्यवतीला लग्नाला इतकी वर्षे होऊनही ती ठाऊक नव्हती. ती उठून आत गेली, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. सूनबाईंनी विचारले, "म्हणजे बाबा, विषय घेऊ द्यायचा की नाही?"

"घेऊ द्या," मी म्हणालो. "पण फॉर्मवर सही करण्याआधी त्याला एक वचन द्या. चूक करून घरी आला तरी आधी जेवायला वाढाल, मग विचाराल."

मुलाने सही केली. मार्कांचे काही विचारले नाही.

परवा नातवाने वर्कशॉपात केलेली पहिली वस्तू घरी आणली. लाकडाची लहानशी फळी, तिला चार खिळे. दाराजवळ तिने जागा घेतली आहे. घराच्या चाव्या आता तिच्यावर असतात. त्याने प्रत्येक खिळ्याखाली त्या त्या चावीची आकृती काढली आहे. रंग मी सुचवला नव्हता, तरी त्याने लालच घेतला.

रात्री झोपण्यापूर्वी मी चाव्यांना हात लावून पाहतो. दोनदा, तीनदा. नातू हसतो. हसू दे.